बीएस्सीनंतरचं पहिलं वर्ष: कॉलेजची खिडकी, लोट्याची लॅब आणि आधारवरचं एक जास्तीचं अक्षर

मी २०२४ साली चिपळूण परिसरातल्या एका कॉलेजातून बीएस्सी केमिस्ट्री झाले. त्यानंतर वर्षभर लोटे-परशुराम एमआयडीसीतल्या एका बल्क ड्रग, म्हणजे औषधांचा मूळ घटक बनवणाऱ्या, कंपनीच्या क्यूसी (माल तपासण्याच्या) लॅबमध्ये अप्रेंटिसशिप केली. ती २०२५च्या सप्टेंबरात संपली. प्लेसमेंट म्हटलं की आमच्याकडे मुलांना इंजिनिअरिंग कॉलेजांचे फ्लेक्स आठवतात, कोणाला किती लाखांचं पॅकेज मिळालं ते फोटोसकट छापलेले. साध्या अनुदानित कॉलेजात बीए, बीकॉम, बीएस्सी करणाऱ्यांनी पुढचं कसं जुळवायचं, याचे फ्लेक्स कोणी लावत नाही. म्हणून माझं कसं कसं झालं ते क्रमाने लिहिते आहे. कॉलेजकडून बरंच मिळतं, पण ते मागावं लागतं आणि कुठल्या खिडकीवर मागायचं हे आधी कळावं लागतं.

जून २०२३ मध्ये टीवाय, म्हणजे तिसरं वर्ष, सुरू झालं. आमचा प्लेसमेंट सेल म्हणजे बॉटनीच्या लॅबमागची एक खोली. अर्ध्या खोलीत एनएसएसची फावडी, घमेली आणि जुने बॅनर. उरलेल्या अर्ध्यात एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि सर. सर शिकवायचे बॉटनी, प्लेसमेंटचा चार्ज त्यांच्याकडे जास्तीचा होता. पहिल्या आठवड्यात त्यांनी वर्गात येऊन एक गूगल फॉर्म भरायला सांगितला. बहुतेकांनी तो भरलाच नाही. 'काय उपयोग, कंपन्या येतात कुठे आपल्याकडे' हे ठरलेलं वाक्य. पण पुढे वर्षभर जी काही बोलावणी आली ती त्या फॉर्मच्या यादीवरूनच गेली, म्हणून सांगते, असले फॉर्म भरून टाका.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, 'जिल्ह्याबाहेर जाण्याची तयारी आहे का?' तो मी घरी विचारला. बाबा सहा आसनी रिक्षा चालवतात. ते म्हणाले, "मुंबैस खोलीभाड्यात पगार जायचा तर इथं काय वाईट? लोट्यास जागा मिळते का बघ आधी." आई काही बोलली नाही, म्हणजे तिचंही तेच मत होतं. मी 'नाही' लिहिलं. वर्गातल्या बऱ्याच मुलींनी घरी न विचारताच 'नाही' लिहिलं होतं.

ऑगस्टमध्ये व्यक्तिमत्त्व विकासाची कार्यशाळा झाली. बाहेरून एक वक्ते आले होते. त्यांनी आम्हाला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या, आरशात बघून स्वतःला शाबासकी द्यायला सांगितली आणि शेवटी सगळ्यांना सर्टिफिकेट वाटली. ते सर्टिफिकेट माझ्या फाइलमध्ये आहे, आजवर कोणी पाहायला मागितलेलं नाही.

त्याच महिन्यात एका शनिवारी आमची एक सीनियर ताई आली. दोन वर्षांपूर्वी पास झालेली, एका कंपनीत क्यूसीला. आमच्या एका मॅडमनी तिला आग्रह करून बोलावलं होतं. तिने चक्क आपली पगाराची स्लिप फळ्यावर लिहून काढली. सीटीसी म्हणजे काय, त्यातून हातात किती येतं, पीएफचे बारा टक्के कुठे जातात, व्यवसाय कर कोणाला लागतो. महाराष्ट्रात पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना २०२३ पासून व्यवसाय कर नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. प्रॉडक्शनमध्ये तिन्ही शिफ्ट असतात, म्हणून तिथे बहुधा मुलगेच घेतात आणि मुलींचा कल क्यूसी-क्यूएकडे राहतो, हेही तिने सरळ सांगितलं. दिवसभर उभं राहून काम असतं, तेव्हा चपला-बूट चांगले घ्या, हा तिचा सल्ला मी आजही पाळते. तुमच्या कॉलेजात माजी विद्यार्थी येत नसतील तर शिक्षकांच्या मागे लागा. बोलावलं तर लोक आनंदाने येतात.

पण कॉलेजने मला सगळ्यात जास्त कामाचं जे दिलं ते प्लेसमेंटच्या खोलीत नव्हतं, प्रॅक्टिकलच्या लॅबमध्ये होतं. आमच्या लॅब असिस्टंटना सगळे मामा म्हणतात. ब्युरेट आधी पाण्याने आणि मग ज्या द्रावणाने भरायची त्यानेच धुवायची, पिपेटच्या टोकाशी राहिलेला शेवटचा थेंब फुंकायचा नाही, रीडिंग घेताना डोळा पातळीच्या रेषेत आणायचा, हे मामांनी एकेकाच्या हातात हात घालून शिकवलं. दुसऱ्या मॅडमचा एक हट्ट असायचा. टायट्रेशनची (एका द्रावणाला दुसरं किती लागतं ते ब्युरेटने मोजण्याची) तीन रीडिंग घेऊन एक सीबीआर, म्हणजे कायम येणारं रीडिंग, काढतात. प्रॅक्टिकल करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे की जर्नलमध्ये ती तिन्ही रीडिंग बघता बघता एकसारखी होतात. मॅडम ते चालू द्यायच्या नाहीत. "१०.३ आलं ना? मग १०.३ लिही. खाडाखोड नको, एक रेघ मार आणि बाजूला सही कर." आम्ही वैतागायचो. बाकीच्या बॅचेस अर्ध्या तासात मोकळ्या व्हायच्या आणि आम्ही अजून तिसरं रीडिंग घेत उभे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बायोडेटा लिहायचा कार्यक्रम झाला. सरांनी एक नमुना दिला होता, तो सगळ्यांनी जसाच्या तसा उतरवला. त्यामुळे पहिल्या फेरीत अख्ख्या वर्गाचा छंद 'वाचन' आणि ध्येय 'संस्थेच्या प्रगतीत योगदान' असंच निघालं. मॅडमनी माझ्यावर लाल पेन चालवला. छंद उडवला आणि त्याजागी मी कुठली उपकरणं स्वतःच्या हाताने चालवली आहेत ते लिहायला लावलं. पीएच मीटर, कंडक्टोमीटर, कलरीमीटर. एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन, मी फक्त वहीत पाहिलं होतं, म्हणून ते 'तत्त्व माहीत आहे' या रांगेत. हा फरक बायोडेटात स्वच्छ ठेवा, कारण मुलाखतीत पहिलं बोट त्यावरच पडतं.

जानेवारी २०२४ मध्ये इंडस्ट्रियल व्हिजिट झाली. एसटीची बस ठरवली होती, माणशी दीडशे रुपये वर्गणी. गेटवर मोबाइल जमा, प्रत्येकाला हेल्मेट आणि गॉगल. आत शिरल्यावर सगळ्यात आधी सेफ्टी ऑफिसरने वर बोट दाखवलं. उंच खांबावर वाऱ्याने फुगणारी कापडी नळी होती. गॅस सुटला तर त्या नळीकडे बघून वारा कुठून येतोय ते ओळखायचं आणि वाऱ्याच्या दिशेने न धावता आडवं निघून असेंब्ली पॉइंटला जायचं. लोट्याच्या आसपासच्या गावांतली माणसं वासावरून कुठलं युनिट चालू आहे ते सांगतात, पण ही नळी मी इतकी वर्षं हायवेवरून जाता-येता पाहूनही ती कशासाठी असते हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी क्यूसी लॅबही काचेतून दाखवली. शांत, थंड, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मला ती आवडली.

फेब्रुवारीत पूल कॅम्पस झालं. म्हणजे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तीन-चार कंपन्या आणि आजूबाजूच्या सगळ्या कॉलेजांची मुलं. सकाळी साडेसहाची एसटी पकडली. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे या वर्षभरातला प्रवास परवडला. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत. लेखी पेपर सोपा होता: एक लिटर ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साईडला किती ग्रॅम लागतील (चार), बिअर-लॅम्बर्टचा नियम, मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटीतला फरक. मुलाखतीत दोघे होते. मी इंग्रजीची घोकंपट्टी करून गेले होते, पण पहिलं वाक्य अडखळलं तेव्हा त्यातले वयस्कर साहेब म्हणाले, "मराठीत सांगा, केमिस्ट्री तीच आहे."

विचारलेले प्रश्न देते, कोणाला उपयोग होईल. सोडियम हायड्रॉक्साईड प्रायमरी स्टँडर्ड (नुसतं वजन करून ज्याचं नेमकं द्रावण बनतं असा पदार्थ) का नाही? कारण ते हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साईड ओढून घेतं, वजन खरं राहत नाही. मग त्याचं स्टँडर्डायझेशन कशाने करता? पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने. तीव्र आम्ल आणि सौम्य अल्कली असेल तर इंडिकेटर कुठला? मिथिल ऑरेंज. पावडरमधलं पाणी मोजायचं असेल तर? लॉस ऑन ड्राइंग, म्हणजे वाळवून वजन किती घटलं ते बघणं, सांगितलं. त्यावर, "त्यात पाण्याबरोबर दुसरं काही उडून गेलं तर?" मग फक्त पाणीच मोजणारी कार्ल फिशर पद्धत आठवली. शेवटचा प्रश्न पुस्तकातला नव्हता: "तीन रीडिंग वेगवेगळी आली तर काय कराल?" मी मॅडमचं वाक्य सांगितलं, आलं ते लिहीन आणि का वेगळं आलं ते शोधीन. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीत मला पाच मिनिटांत बाहेर पाठवलं, त्यांना संगणकावर काम करणारे हवे होते.

पंधरवड्याने सरांकडे यादी आली. माझं नाव होतं, पण नोकरीसाठी नव्हतं. एक वर्षाची अप्रेंटिसशिप, निकालात एटीकेटी नसावी ही अट. घरी थोडा हिरमोड झाला. 'वर्षभर शिकाऊ, मग पुढे?' सरांनी बाबांना फोन केला. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, पण इंजिनिअरिंग सोडून इतर पदवीधरांना त्यात वाट २०१४ च्या दुरुस्तीने झाली, पदवीधराला तेव्हा महिना कमीत कमी नऊ हजार मिळायचे, त्यातला निम्मा वाटा सरकारचा, शेवटी केंद्र सरकारच्या मंडळाचं प्रमाणपत्र मिळतं, हे सगळं त्यांनी बाबांना समजेल अशा भाषेत सांगितलं. तो फोन झाला नसता तर मी बहुधा बीएडच्या सीईटीला बसले असते.

मार्च-एप्रिल परीक्षेत गेले. मे महिन्यात लोकसभेची निवडणूक. आमच्याकडे मतदान ७ मेला होतं आणि ऑफिसमधले निम्मे कर्मचारी इलेक्शन ड्यूटीवर. त्यामुळे जी कामं परीक्षेनंतर लगेच आटोपतात ती सगळी लांबली. ती कामं अशी: नो ड्यूजचा कागद घेऊन लायब्ररी, लॅब, जिमखाना, एनएसएस असं फिरून सह्या घ्यायच्या. लॅबमध्ये फोडलेल्या काचसामानाचे पैसे भरायचे. माझं एक कोनिकल फ्लास्क आणि एक थर्मामीटर. प्रवेशावेळी भरलेली लायब्ररी आणि लॅबची अनामत परत मिळते, पण अर्ज केला तरच. बरीच मुलं ती सोडून देतात. दाखला मात्र घाईने काढू नका. कुठे दुसरीकडे प्रवेश घ्यायचा असेल तेव्हाच काढा, कारण एकदा दाखला निघाला आणि त्याच कॉलेजात एमएस्सीला यायचं ठरलं की सगळा प्रवेश पुन्हा पहिल्यापासून. बोनाफाइडच्या दोन-तीन प्रती मात्र आधीच घेऊन ठेवा.

ऑफिसातल्या क्लार्क काकूंबद्दल वेगळं लिहायला हवं. सगळी मुलं त्यांना घाबरतात. मी दहावीचं गुणपत्रक दाखवायला गेले होते. आमच्या घरात २२ जुलै २०२१ च्या पुराचं पाणी शिरलं होतं आणि कागदांची पेटी त्यात गेली होती. नंतर रत्नागिरीच्या कोकण बोर्डाकडून गुणपत्रकाची दुय्यम प्रत काढली. ती कंपनीला चालेल का, ही माझी धास्ती. काकूंनी चष्मा वर करून सांगितलं, "चिपळूणच्या निम्म्या पोरांच्या फायली अशाच आहेत. घाबरू नको, दुय्यम प्रत मूळ प्रतीसारखीच चालते." मग माझे सगळे कागद एका रांगेत लावून त्यांनी एक गोष्ट दाखवली जी मी कधी नीट पाहिली नव्हती. गुणपत्रिकेवर माझं आडनाव एका तऱ्हेने आणि आधारवर त्याच आडनावाच्या शेवटी इंग्रजी 'ए' जास्त. "अप्रेंटिसशिपचं पोर्टल हे घेणार नाही. निकालाची वाट बघू नको, आत्ताच लाग."

आधार दुरुस्तीला लागणारा पुरावा म्हणून मतदार ओळखपत्र चाललं. ते मी निवडणुकीआधी नवीनच काढलं होतं आणि त्यावर स्पेलिंग बरोबर होतं. फी तेव्हा, २०२४ मध्ये, पन्नास रुपये होती. पण नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा पावतीवर अक्षर न् अक्षर तपासून मगच खिडकी सोडा. माझं काम जूनमध्ये व्हायला हवं होतं. पहिली पावती नाकारली गेली, स्कॅन अस्पष्ट म्हणून. दुसऱ्यांदा गेले तोवर जुलै उजाडला आणि लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. मग काय विचारता. पोस्टात, बँकेत, सेतूत, आधार केंद्रावर, जिथे म्हणून खिडकी आहे तिथे सकाळी सातपासून बायकांची रांग. कोणाचा अंगठा उमटत नाही, कोणाचा मोबाइल जोडलेला नाही. भर पावसात छत्र्या एकमेकींच्या पाठीत. रांगेतल्या एका आजींनी मला विचारलं, "तुझं काय गो, पंधराशे?" मी म्हटलं, "नाही आजी, नऊ हजार." त्यांनी माझा फॉर्म मागून घेतला आणि उलटसुलट करून पाहिला.

निकाल लागला तेव्हा पाऊस चांगला सुरू झाला होता. एटीकेटी नव्हती. मार्कलिस्ट हातात यायला आणखी वेळ गेला. तोवर ऑनलाइन निकालाच्या प्रतीवर कॉलेजने शिक्का मारून दिला. शिवाय ग्रेडचे टक्के करून दिल्याचं प्राचार्यांच्या सहीचं पत्र, कारण कंपनीच्या फॉर्ममध्ये रकाना टक्क्यांचाच होता. हे पत्र मागितल्याशिवाय मिळत नाही.

याच दरम्यान मनाची चलबिचल करणारी एक गोष्ट झाली. राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. लोक तिला लाडका भाऊ म्हणायचे. पदवीधराला महिना दहा हजार, तेव्हा मुदत सहा महिने, नोंदणी राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर. वर्गातल्या एका मैत्रिणीला त्यात पंचायत समितीत काम मिळालं, घरापासून चालत जाण्यासारखं. माझ्या नऊ हजारांपेक्षा हजार जास्त आणि लोट्याची धावपळ नाही. घरात दोन दिवस तोच विषय. मी मॅडमना विचारलं. त्यांनी हे कर, ते कर असं काही सांगितलं नाही, एवढंच विचारलं की सहा महिन्यांनी तुझ्या हातात कुठलं काम असेल? एचपीएलसी चालवायची असेल तर ते लॅबमध्येच जाऊन होणार. ज्यांना प्रशासनाच्या परीक्षा द्यायच्या आहेत त्यांच्यासाठी ती योजना बरी होती, असं मला आजही वाटतं. मला लॅब हवी होती.

ऑगस्टच्या मध्यात आधार दुरुस्त होऊन आलं आणि नॅट्सच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या, पोर्टलवर नोंदणी केली. सरांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर, फावड्यांच्या सोबतीने. आधार, ईमेल, शिक्षण, फोटो, सही, पासिंग सर्टिफिकेट. शेवटी नोंदणी क्रमांक मिळतो, तो कंपनीला कळवायचा. मग कंपनी करार तयार करते, तो आपल्या लॉगिनला येतो, आपण वाचून मान्य करायचा आणि पुढे मुंबईत शीवला असलेलं पश्चिम विभागाचं अप्रेंटिस प्रशिक्षण मंडळ त्याला मंजुरी देतं. करार आल्याची ईमेल स्पॅममध्ये जाते, रोज तिथे डोकावा.

बँकेबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. खात्याला आधार 'लिंक' असणं आणि सरकारी पैसे त्या खात्यात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी पैसे आधार क्रमांकावर येतात आणि तो क्रमांक शेवटी ज्या बँकेत डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडला असेल तिथे जातात. माझा क्रमांक शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या खात्याला चिकटलेला होता, जे बंद पडल्यात जमा होतं. आधारच्या वेबसाइटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघता येतं. ते बघा, आणि खातं बदलायचं असेल तर बँकेत डीबीटीसाठीचा वेगळा अर्ज द्या.

मेडिकल फिटनेस कंपनीने सांगितलेल्या ठिकाणी करायची होती. रक्त, छातीचा एक्स-रे, आणि ठिपक्यांच्या चित्रांतून आकडे ओळखायची रंगांधळेपणाची चाचणी. केमिस्टला इंडिकेटरचा रंग ओळखता यायला हवा, म्हणून. आमच्या यादीतल्या एका मुलाला या चाचणीतच कळलं की त्याला लाल-हिरवा फरक कळत नाही. त्याला कंपनीने स्टोअर्सला घेतलं. तीन वर्षं तो आमच्याबरोबर टायट्रेशन करत होता आणि हे कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. खरं तर ही चाचणी एफवायलाच करायला हवी. माझा त्या दिवशीचा खर्च साडेसहाशे, नंतर कंपनीने परत दिला.

रुजू व्हायची तारीख आली २ सप्टेंबर, सोमवार. गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला, शनिवारी. कोकणातल्या माणसाला यापुढे काही सांगायला नको. पहिल्याच आठवड्यात सुट्टी मागायची कशी? घरात गौरी-गणपती, चाकरमानी येणार, आणि मी गेटपास घेऊन सेफ्टी ट्रेनिंगला. पण मागायची वेळच आली नाही. कंपनीतही सगळे आपल्याचकडचे. एचआरच्या साहेबांनी पहिल्या दिवशी स्वतःच सांगितलं, शनिवारी बंद, गौरीपूजनाला बायकांना अर्धा दिवस. विसर्जनाला मात्र मी लॅबमध्ये होते.

पहिले दोन महिने मशीनला हात लावू दिला नाही. एसओपी, म्हणजे काम करायच्या ठरलेल्या पद्धतींचे कागद, वाचा, वाचल्याची सही करा. मग सॅम्पलिंग, मग काचसामान, मग पीएच आणि लॉस ऑन ड्राइंग, आणि फेब्रुवारीत कुठे एचपीएलसी. लॅबमध्ये व्हाइटनर आणायला बंदी. चूक झाली तर एक रेघ, सही, तारीख आणि कारण. वजनकाट्याची छापील चिठ्ठी वहीला जोडायची. नोंद नसेल तर ते काम केलंच नाही असं धरतात. आणि तीन रीडिंग अगदी एकसारखी आली तर सीनियर कौतुक करत नाहीत, भुवई उंचावतात. माझ्याबरोबर रुजू झालेल्या दुसऱ्या कॉलेजच्या मुलांना या गोष्टीची सवय व्हायला फार जड गेलं. मला त्या बाबतीत वेगळं काही शिकावं लागलं नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये मात्र एकदा तरी चालू एचपीएलसी दाखवायला हवी होती. जवळच्या कंपनीत दिवसभर बसवलं तरी चाललं असतं. एका मशीनची किंमत साध्या कॉलेजला झेपणारी नाही हे कळतं, पण कंपन्या दहा-बारा मैलांवर आहेत.

पैशांचं: कंपनीचा वाटा महिन्याच्या सात तारखेच्या आसपास जमा व्हायचा. सरकारचा वाटा वेगळा येतो, त्याच तारखेला येईल असं धरू नका. घरखर्चाचं गणित कंपनीच्या वाट्यावर बसवा. कंपनीची बस होती, कँटीनमध्ये जेवण अठरा रुपयांत. तरी पहिल्या पैशांतले बरेचसे बुटांवर गेले.

अप्रेंटिस असताना पीएफ आणि ईएसआय लागू नसतं, कारण कायद्याने आपण कामगार नसतो, शिकाऊ असतो. हे आधी माहीत असलं की स्लिप बघून धक्का बसत नाही. वर्षभर कंपनी तिमाही प्रगतीची नोंद पोर्टलवर करते. ती होते आहे ना, हे आपण आपल्या लॉगिनमध्ये बघत राहायचं, कारण शेवटचं प्रमाणपत्र त्यावर अवलंबून असतं. आमच्यातल्या एकाची एक तिमाही राहून गेली होती, ती भरून घेईपर्यंत त्याचं प्रमाणपत्र अडकलं. मधल्या काळात पदवी प्रमाणपत्रही आलं. दीक्षान्त समारंभासाठीचा ऑनलाइन अर्ज मुदतीत भरावा लागतो, त्याचा मेसेज मला मामांनी फोन करून सांगितला. मी कॉलेजचा ग्रुप कधीच म्यूट केला होता.

२०२५च्या सप्टेंबरात वर्ष पूर्ण झालं. आम्हा अप्रेंटिसांपैकी काहींना कंपनीने ठेवून घेतलं, काहींना नाही. ज्यांना नाही ठेवलं त्यांतले दोघे महाडला लागले. वर्षभराचा अनुभव आणि एचपीएलसी येतं म्हटल्यावर त्यांना फार थांबावं लागलं नाही. मला ठेवलं, ज्युनिअर केमिस्ट म्हणून. पत्रात पीएफचा रकाना आहे. त्यासाठी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, काढायचा होता, जो ऑगस्टपासून उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवूनच निघतो. लॅबच्या बाहेर उजेडात उभं राहून मोबाइलसमोर डोळे मिचकावले. पलीकडे माझ्याच बॅचचा एक जण आधारवरच्या वडिलांच्या नावामुळे अडकून एचआरच्या दारात उभा होता. माझं नाव पहिल्या फटक्यात जुळलं. नंबर डायरीत उतरवून घेतला आणि काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता येशील तेव्हा अनामतीचे पैसे घेऊन जा, तुझा अर्ज अजून फायलीत आहे."